सहा देवांचे, सात देवांचे

उईके गुरुजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. खरं सांगायचं तर दुःखाआधी थकवाच आला. एक गोष्ट त्यांच्याशी बोलायची वीस वर्षं राहून गेली होती... आता ती कायमची राहिली.

गुरुजी एकोडीच्या शाळेत शिकवायचे, स्वतः गोंड. जिल्हा तुटला, डोंगराकडची गावं गोंदियात गेली, तेव्हा म्हणाले, "कुळं काई जिल्ह्यासंग तुटत नाईत." मग सायकलवर दोन्हीकडची गावं फिरून त्यांनी गोंड कुळांच्या इतिहासाचं पुस्तक लिहिलं. प्रुफं मी तपासली. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण शुद्धलेखनाची ऐट भारी. गोंडांत कोणी सहा देवांचे, कोणी सात; देवांची संख्या सारखी असलेली कुळं भावंडं, त्यांच्यात सोयरीक होत नाही. मी याद्या जुळवताना एक कुळ सातातून उचलून सहात टाकलं. दोन्ही याद्या सारख्या लांबीच्या दिसाव्यात म्हणून!

पुस्तक आलं आणि साकोलीकडच्या एका मुलीची ठरलेली सोयरीक अडली. मुलाकडच्यांनी दोन्ही कुळं सहा देवांची दाखवणारं छापील पानच पुढे ठेवलं. छापलेलं खोटं कसं असेल? गुरुजी जाणत्यांच्या बैठकीला गेले. मी मागे बसलो होतो. ते म्हणाले, "पुस्तक म्या लिवलं, चूक माही हाय. पोरीले काहून अडवून राहिले?" लग्न झालं. मी मात्र तोंड उघडलं नाही, त्याची लाज अजून वाटते. परतीच्या वाटेवर ते फक्त यंदाच्या धानाबद्दल बोलले.

पुढे घरोघर जाऊन ते पुस्तक मागत, नाव खोडून योग्य जागी लिहीत आणि समासात 'चूक माझी' लिहून सही करत. नवी आवृत्ती काढा म्हटलं, तर जुनी घरात राहणारच ना, म्हणत. गुडघे गेले तरी फिरत राहिले.

गुरुजी वारले आणि गेल्या आठवड्यात कळलं, सिहोऱ्याच्या एका घरातली प्रत तशीच आहे. मी गेलो. घरच्या म्हाताऱ्यानं पुस्तक दिलं नाही. "हे गुरुजीचं हाय. त्यात तुमी कायले लिवता?"

मी खाली बसलो आणि त्या बैठकीत बोलायला हवं होतं ते सगळं त्याला सांगितलं. मग त्यानंच ते पान काढून दिलं. मी नाव खोडलं, योग्य जागी लिहिलं, समासात 'चूक माझी' लिहिलं आणि खाली माझी सही केली.