कचऱ्याच्या मशीनची चावी

आमच्या समोरच्या दारातले काका चावीवाले. उभं आयुष्य लोकांची कुलपं उघडण्यात गेलं. चावी आत विसरून दार ओढून घेणारे शहाणे या इमारतीत पुष्कळ आहेत, त्यात मीही एक. काका आधी दार उघडून द्यायचे आणि मग मनसोक्त झापायचे.

काकू गेल्या आणि काकांचं झापणंही बंद झालं. स्वयंपाकघर म्हणजे काकूंचं राज्य, तिथे काकांना पाण्याच्या पेल्यापलीकडे काही सापडत नसे. ओट्याखाली कचरा दाबायचं मशीन आहे. खण ओढून सुका कचरा टाकायचा, खण लावायचा, बटण दाबायचं, की पिशवीभर पसारा तळाशी चपटा होऊन बसतो. काकूंच्या मागे ते चालूच होईना. मग काका कचरा पिशव्यांत भरून दाराशी ठेवू लागले आणि खाली न्यायचं विसरू लागले.

मागच्या खेपेला मुलगी आली आणि पिशव्यांवरच्या मुंग्या बघून तिने कपाळाला हात लावला. "बाबा, साधं मशीन चालू होत नाही तुमच्याच्याने. एकटे कसे राहणार? रविवारी येते मी. हे असंच असलं तर सामान बांधायचं आणि माझ्याकडे चलायचं."

मुलगी वाईट नाही, जावईही भला आहे. पण काकूंचा वावर होता तो याच घरात. ते सोडायला काका तयार नव्हते. त्यांनी मला हाक मारली, "ये गं जरा."

मी फोनवर मेकॅनिकला धरलं. प्लग बघितला, फ्यूज बघितला, खण चार वेळा आपटून लावला. मशीन ढिम्म. "आतली पिशवी काढून बघा," तो म्हणाला. मी खण ओढून हात घातला, तर काका खेकसले, "राहू दे ती!"

आत डोकावले आणि मी गुमान हात मागे घेतला. विंचरताना गळलेल्या पांढऱ्या केसांचा गुंता. औषधांची रिकामी पाकिटं. काकूंच्या चष्म्याची तुटकी काडी. काका रोज हा खण उघडून बसत असावेत, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"बटणाशेजारी चावी फिरवलीत का?" मेकॅनिकने विचारलं.

"कचऱ्याला चावी?" काका म्हणाले. मग वाकून बघतात तर खरंच, बारीकसं कुलूप! जगाची कुलपं उघडणाऱ्या माणसाला स्वतःच्या ओट्याखालचं दिसलं नव्हतं. काका खाली बसले. "नातवाने एकदा खणात हात घातला होता. तेव्हापासून ती चावी काढून ठेवत असणार. मला कधी बोलली नाही." तो नातू आता दाढी करतो.

आम्ही डबे, फडताळं, काकूंची पर्स, सगळं पालथं घातलं. चावी मिळाली नाही. शेवटी काकांनी कानस काढली आणि नवी घडवली.

रविवारी सकाळी त्यांनी ती फिरवली आणि मशीनचा दिवा लागला. मी तर टाळीच वाजवली. "दाबा की बटण!"

"थांब. आधी तिचं ते काढून ठेवतो. धड पिशवी बघतो एखादी." ते आतल्या खोलीत गेले.

तेवढ्यात मुलगी आली. दार उघडंच होतं. लागलेला दिवा बघून तिचा चेहरा खुलला. "अगं बाई, चालू झालं?" म्हणत तिने बटण दाबलंसुद्धा. माझ्या तोंडून "अगं थांब" निघेपर्यंत मशीन घरघरू लागलं होतं. आत काहीतरी कडकन मोडलं.

काका आतल्या खोलीच्या दारात उभे होते, हातात काकूंची कापडी पिशवी. मशीन थांबेपर्यंत ते हलले नाहीत.

"सुटले बाई एकदाची," मुलगी खरोखर आनंदाने म्हणाली. "बाबा, आता नाही मी तुम्हाला न्यायची. राहा इथे खुशाल एकटे."

काकांनी पिशवीची घडी घातली. पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"हो," ते म्हणाले. "आता एकटाच."