बाईंचं शून्य

आमच्या बाई कधी ओरडायच्या नाहीत. कोणी त्यांचं वाकडं केलं की फक्त चष्मा पुसायच्या आणि म्हणायच्या, "लक्षात आहे हो." बस. समोरच्याला वाटायचं, सुटलो. मला वाटायचं, मेला बिचारा.

मी बाईंचा ड्रायव्हर. शाळा म्हणाल तर चौथी, तीपण दोनदा. आकडे वाचतो, बसवरचा बोर्ड वाचतो, सही ठोकतो. त्याच्या पुढे अक्षरं मला बघून पळतात की मी त्यांना बघून, ते अजून ठरायचंय. बाईंकडे सात वर्षं होतो. अंधेरी ईस्टला त्यांची चार मजल्यांची जुनी सोसायटी, बाई तिसऱ्या मजल्यावर एकट्या, आणि खाली खांबांमध्ये उभी आमची छोटी पांढरी बॅटरीवाली गाडी. हिरवी नंबर प्लेट. त्या प्लेटची काय मिजास होती मला! सिग्नलला बाजूचा ड्रायव्हर बघायला लागला की मी उगाच बाहेर उतरून प्लेट पुसायचो. एकदा पुसता पुसता सिग्नल सुटला. मागच्या टेम्पोवाल्याने मला जे ऐकवलं ते बाईंनी काच खाली करून नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्याचं बरोबर आहे."

बाईंचा सूड कसा असायचा सांगतो. वर्सोव्याला एका मावशीने त्यांना शिळं पापलेट दिलं. दुसरी कोणी असती तर भांडली असती. बाई त्यानंतर वर्षभर दर रविवारी मला घेऊन वर्सोव्याला गेल्या, बरोब्बर त्या मावशीच्या टोपलीसमोर उभ्या राहिल्या, तिच्याशी हसून बोलल्या, पोराबाळांची चौकशी केली आणि मासे बाजूच्या मावशीकडून घेतले. वर्षाने ती मावशी रडकुंडीला आली. "बाय, एकदा शिव्या तरी घाल गो!" बाई म्हणाल्या, "छे, शिव्या कशाला?" आणि बाजूच्या टोपलीतला सरंगा उचलला.

माणसाचं सोडा. आरेच्या रस्त्याला एक म्हैस होती, एक कान फाटलेला. आमच्या गाडीला आवाज नाही, त्यामुळे म्हशी हलायच्या नाहीत. ही तर रस्त्यात बसायचीच. मी हॉर्न वाजवला, खाली उतरून हात जोडले, मालवणीत आई-बापाच्या आणा घातल्या. ती रवंथ करत माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत मला माझी शाळेतली बाई दिसली. पाऊण तास गेला. बाईंनी चष्मा पुसला. त्या दिवसापासून घरात आरेचं दूध बंद. "बाई, म्हशीला काय कळणार?" मी विचारलं. "मला कळतं ना," बाई म्हणाल्या.

गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात एक लाल वही असायची. बाई अधूनमधून त्यात काहीतरी लिहायच्या, काहीतरी खोडायच्या. मला वाटायचं, भाजीची यादी. वहीच्या खाली एक कागद, प्लास्टिकमध्ये घट्ट बंद केलेला. तो गाडीच्या टॅक्सची पावती. रक्कम: शून्य.

हे शून्य समजलं नाही तर बाई समजणार नाहीत. बाईंनी तीस वर्षं एका सरकारी कचेरीत गाड्यांचा टॅक्स घ्यायच्या खिडकीवर काढली. लोक पैसे सरकारला द्यायचे आणि शिव्या बाईंना. कोणी नोट फेकायचा, कोणी म्हणायचा, "खा, खा!" रिटायर झाल्यावर सगळी पुंजी घालून त्यांनी ही गाडी घेतली, तर बॅटरीच्या गाडीला टॅक्स माफ. शोरूमवाल्याने पावती दिली तेव्हा बाई तिच्याकडे इतका वेळ बघत होत्या की त्याला वाटलं काही चुकलं. मला म्हणाल्या, "दिगू, तीस वर्षं मी लोकांकडून घेतला. एकदाच सरकारने मला सोडलंय. या शून्याला कोणी हात लावायचा नाही."

हात लावला चेअरमनने.

चेअरमन पहिल्या मजल्यावर. हाताच्या दहा बोटांत सहा अंगठ्या आणि तोंडात कायम "आम्ही". त्यांनीही नवी गाडी घेतली, आमच्या तिप्पट मोठी, हायब्रीड. कंपाउंडात पेढे वाटले. "आता आम्हालाही टॅक्स माफ!" बाई पेढा हातात घेऊन म्हणाल्या, "हायब्रीडला माफी नाही हो आपल्याकडे. पेट्रोल पितं ना ते." चेअरमन हसले. आठवड्याने गाडीचे कागद आले. पूर्ण टॅक्स, पांढरी प्लेट. हसू गेलं. मग त्यांनी गाडीच्या मागे चकचकीत अक्षरांत 'इलेक्ट्रिक' लावून घेतलं आणि बाजूला एक हिरवं पान चिकटवलं. पण बाईंचा तो पेढा त्यांच्या घशात अडकला तो अडकलाच.

आता इथे माझा पराक्रम येतो. एक दिवस आमच्या चार्जिंगच्या पॉइंटचा फ्यूज उडाला. बाईंना दुपारी दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं. मी डोकं चालवलं, जे मी चालवू नये असं सगळ्यांचं मत आहे. जिन्याच्या दिव्याच्या प्लगमध्ये आमच्या गाडीची वायर खुपसली. फट्ट! जिन्याचे दिवे गेले, पंप गेला आणि लिफ्ट पहिल्या मजल्याच्या खाली अडकली. लिफ्टमध्ये कोण? चेअरमन. हातात आइस्क्रीमचा फॅमिली पॅक. वीस मिनिटांनी बाहेर काढलं तेव्हा आइस्क्रीम कोपरापर्यंत आलं होतं. मी वायर कधीच गुंडाळून ठेवली होती. म्हटलं, "साहेब, उंदीर असणार. मोठा." बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं.

चेअरमनला उंदराशी घेणंदेणं नव्हतं. त्यांना निमित्त मिळालं. पुढच्या मीटिंगमध्ये नियम काढला: बॅटरीवर चालणाऱ्या सर्व वाहनांना सोसायटीची वेगळी चार्जिंग फी, दर महिन्याला. बाई म्हणाल्या, "माझा मीटर वेगळा, वीज माझी, बिल माझं. फी कसली?" चेअरमन म्हणाले, "नियम म्हणजे नियम. सरकारने सोडलं असेल, आम्ही नाही सोडणार." बाईंनी फी भरली नाही. दहा दिवसांनी चेअरमनने माणूस आणून आमच्या पॉइंटची वायर तोडून टाकली.

मग सुरू झाली आमची वणवण. मॉलच्या चार्जिंगला जायचं, लाइन लावायची. बहात्तर वर्षांच्या बाई प्लास्टिकच्या खुर्चीवर दोन-दोन तास बसायच्या, पाय सुजायचे. मी म्हटलं, "बाई, भरून टाका ना. किरकोळ आहे." त्यांनी ती पावती काढून माझ्या नाकासमोर धरली. "हे वाचता येतं ना तुला?" म्हटलं, हो, शून्य. "मग झालं तर."

मला त्यांचे पाय बघवेनात. आणि दोष कोणाचा होता ते मलाच ठाऊक होतं. म्हटलं, आता आपण बदला घ्यायचा. हार्डवेअरवाल्याकडून पाइप बुजवायचा मसाला आणला, तो दगडासारखा होतो तो. ठरवलं, चेअरमनच्या गाडीचं चार्जिंगचं भोक कायमचं बुजवायचं. दुपारी वॉचमन जेवायला गेला तसा मसाला मळून तयार केला आणि गाडीखाली शिरलो. भोक मिळेना. पुढे बघितलं, मागे बघितलं, चाकांच्या मध्ये बघितलं. पेट्रोलचं झाकण मिळालं, पण म्हटलं, आपलं भांडण पेट्रोलशी नाही. मसाला हातातच घट्ट व्हायला लागला. तेवढ्यात वरून आवाज आला.

"काय रे ए, काय करतोयस?"

चेअरमन. मी खालूनच म्हटलं, "भोक शोधतोय, साहेब."

"कसलं भोक?"

"चार्जिंगचं."

असं खरं बोलायची सवय मला नेमकी चुकीच्या वेळी लागते.

चेअरमनने मला पायाला धरून बाहेर ओढलं. अख्खी सोसायटी गॅलरीत. "अरे गाढवा! माझ्या गाडीला प्लग नसतोच! ती चालता चालता आपली आपण चार्ज होते. तुमच्या डबड्यासारखी भीक मागत नाही फिरत! बॅटरीवरच चालते, तुमच्यापेक्षा पुढची इलेक्ट्रिक आहे ती, कळलं?"

मी मान खाली घातली. माझ्या उजव्या हाताची बोटं मसाल्याने एकमेकांना चिकटली होती, त्यामुळे त्यांना नमस्कार करतोय की मारायला मूठ उगारतोय तेही नीट दिसत नव्हतं. वर तिसऱ्या मजल्यावर बाई उभ्या होत्या. चष्मा पुसत होत्या.

रॉकेलने माझी बोटं सोडवताना बाई म्हणाल्या, "दिगंबर." पूर्ण नाव घेतलं की मी समजायचो, मेलो. "बदला असा गाडीखाली झोपून घेत नाहीत. समोर खुर्चीवर बसून घेतात. पण आज तू माझं काम केलंस." काय केलं ते मला कळलं नाही. मी मात्र मान हलवली, कळल्यासारखी.

वार्षिक मीटिंग कंपाउंडातच, संध्याकाळी. मी मागे उभा, बोटांना अजून रॉकेलचा वास. बाई समोर खुर्चीवर. सेक्रेटरीला म्हणाल्या, "तो नियम वाचा हो जरा." सेक्रेटरीने वाचला. "बॅटरीवर चालणारी सर्व वाहने..."

"थांबा. चेअरमन, तुमची गाडी कशावर चालते?"

मागून कोणीतरी म्हणालं, "इलेक्ट्रिक! मागे लिहिलंय की!" दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "परवा तुम्हीच नाही का ओरडून सांगितलंत? दूध उतू गेलं माझं ऐकता ऐकता."

"हो, मग? इलेक्ट्रिकच आहे!" चेअरमन ताठ झाले. सहा अंगठ्या चमकल्या.

"वा," बाई म्हणाल्या. "मग फी तुम्हालाही. आधी तुमची पावती फाडा. नियम तुम्ही केलात, मान तुमचा."

"मी कसली चार्जिंग फी भरू? माझ्या गाडीला प्लगच नाही!"

आधी एक हसला, मग दोघं, मग सगळं कंपाउंड. बाई हसल्या नाहीत. "म्हणजे गाडी इलेक्ट्रिक नाही?"

"आहे!"

"मग फी भरा."

"पण प्लग..."

"मग नियम चुकला का?"

चेअरमनने घाम पुसला. हळूच म्हणाले, "थोडा चुकला."

"मोठ्याने. सेक्रेटरी लिहून घेतायत."

"चुकला!"

फी रद्द. लोक उठायला लागले, पण बाई बसूनच. म्हणाल्या, "वायर राहिली. तोडली त्याने जोडायची." दुसऱ्या दिवशी सकाळी वायरमन आला. खांबांच्या मागे काळोख, म्हणून टॉर्च धरायला कोणीतरी हवं. मी पुढे झालो. बाईंनी मला हाताने मागे केलं. टॉर्च चेअरमनने धरला, वायर जोडून होईपर्यंत, आणि बाई समोर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसल्या, अगदी मॉलमधल्यासारखी. मी मुद्दाम दोन कप चहा आणला. एक बाईंना, एक मला. आयुष्यात एवढा गोड चहा मी प्यायलेलो नाही आणि त्यात साखर नव्हती.

पुढे दोन वर्षं, लिफ्टमध्ये, गेटवर, गणपतीच्या आरतीत, चेअरमन दिसले की बाई गोड आवाजात विचारायच्या, "काय चेअरमन, सापडला का प्लग?"

मागच्या थंडीत बाई गेल्या. झोपेतच. चेअरमन खांदा द्यायला आले आणि खरंच रडले. एवढं रोज कोण विचारणार त्यांना आता?

गाडी बाईंच्या मुलीने घेतली, ताई घाटकोपरला असतात. गाडीबरोबर मलाही घेतलं. पहिल्याच दिवशी ताईंनी कप्पा उघडला, शून्याची पावती बघितली, जागेवर ठेवली, मग लाल वही वाचायला लागल्या आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. म्हटलं, काय आहे? त्या वाचून दाखवायला लागल्या. वर्सोव्याची मावशी. खोडलेली. नोट फेकणारा बिल्डर. खोडलेला. फाटक्या कानाची म्हैस. खोडलेली. चेअरमन, दोन रेघांनी खोडलेले.

"शेवटी एक राहिलंय," ताई म्हणाल्या. "दिगंबर. जिन्यातला प्लग, उंदराचं खोटं. हे खोडलेलं नाहीये."

म्हणजे बाईंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझ्यामुळे वायर तुटली, माझ्यामुळे पाय सुजले, हे माहीत असून त्या माझ्या शेजारी बसून मॉलच्या लाइनी लावत होत्या. आणि माझा नंबर राखून ठेवला होता.

तेव्हापासून मी वाट बघतोय. टायर पंक्चर झाला की विचारतो, "बाई, हाच का?" शर्टावर चहा सांडला की विचारतो. परवा आरेच्या रस्त्यात गाडी मधोमध बंद पडली आणि पुढ्यात फाटक्या कानाची म्हैस येऊन बसली, तेव्हा तर माझी खात्रीच पटली. हात जोडले, वर बघून म्हटलं, "बाई, घेतलात ना? खोडा आता."

मग ताईंनी मागून पुढे वाकून बघितलं. म्हणाल्या, "दिगूदादा, चार्जिंग शून्य आहे. रात्री प्लग लावला होतास का?"