भिंतीलगत बोटभर माया

माझी मावशी बत्तीस वर्षं कपडे शिवतेय. एवढ्या काळात तिचं माप चुकलं असं तिच्या तोंडावर म्हणायची हिंमत एकाच बाईंनी केली, त्या म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. शिवून नेलेला लांब स्कर्ट घेऊन त्या तिसऱ्यांदा आल्या आणि शांतपणे म्हणाल्या की डावीकडून तो अजून खालीच आहे.

मावशीच्या मते स्कर्ट सरळ होता, बाई तिरक्या होत्या. हे ती त्यांना बोलली नाही. काकांना बोलली, म्हणजे संध्याकाळपर्यंत निम्म्या गल्लीला कळलं.

चौथ्यांदा माप घेताना मावशीच्या मांडीवरून दोऱ्याचं रीळ पडलं. ते घरंगळत मोठ्या बाईंच्या डाव्या पायाशी गेलं आणि तिथंच थांबलं. मावशीने ते उचलून दुसरीकडे ठेवलं, तरी ते पुन्हा डाव्या पायाशीच आलं. मग तिने गुडघ्यावर बसून फरशीवरून हात फिरवला. आरशासमोरच्या दोन फरशा चांगल्या बोटभर खचल्या होत्या. जमिनीपासून वर माप घ्यायचं आणि जमीनच डावीकडे खाली, मग स्कर्ट तरी काय करणार?

 फरशा कधीपासून खचल्या असतील आणि तिथं उभं राहून कोण कोण माप देऊन गेलं, हे ती त्या दिवशी मनातल्या मनात आठवत होती. बँकेतल्या साहेबांची पँट आठवल्यावर तिला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. खोली बघून म्हणाला, खचलेला भाग भरून घ्यायचा आणि वर लाकडी लॅमिनेटच्या पट्ट्या बसवायच्या, दोन दिवसांचं काम आहे, येतो. पुढचे तीन महिने तो येतच होता. फोन केला की वाटेत असायचा. शेवटी मावशीने मोबाइलवर पट्ट्या बसवण्याचे व्हिडिओ पाहिले, एकेक तीनदा पाहिला आणि काकांना सांगितलं की यात न येण्यासारखं काही नाही. कापायचं, जोडायचं, कडेला माया सोडायची. शिवणच की.

काका निवृत्त बस ड्रायव्हर. कुठलंही काम चाललेलं दिसलं की मागे उभं राहून हातवारे करायची त्यांना सवय आहे. "येऊ द्या, येऊ द्या, बास!" हे ते कपाट सरकवणाऱ्यालाही म्हणतात आणि कणीक मळणाऱ्यालाही. म्हणून मावशीने त्यांच्या हातात करवत दिली. करवत हातात असली की माणसाला हातवारे करता येत नाहीत.

पट्ट्यांची खोकी दोन दिवस त्याच खोलीत नुसती पडू द्यायची होती, म्हणजे लाकडाला खोलीची हवा लागते. काकांना हे पटेना. आणलेली वस्तू दोन दिवस कशाची वाट बघत बसते, असं त्यांचं म्हणणं. मावशीने विचारलं, नवं कापड धुऊन आटवल्याशिवाय मी कधी कापते का? त्यावर काका खोक्यावर बसून पेपर वाचू लागले. त्या दोन दिवसांत मावशीने खड्डा भरला आणि तो वाळून सपाट झाला. मावशीने रीळ सोडून बघितलं. ते जागचं हललं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू झालं. आधी फोमची पातळ चादर अंथरली. खिडकीच्या भिंतीपासून पहिली ओळ लावली. भिंत आणि पट्टी यांच्यात बोटभर फट ठेवायची होती, हवा दमट झाली की पट्ट्या फुगतात म्हणून. काका आयुष्यभर बस फुटपाथला खेटून उभी करण्यासाठी नावाजलेले. त्यांनी पहिली पट्टी भिंतीला अशी चिकटवली की मध्ये कागद जाऊ नये, आणि मागे सरकून कौतुकाची वाट बघू लागले. मावशीने ती ओढून काढली आणि फटीत जुन्या लाकडी फूटपट्टीचे तुकडे अडकवले.

शिंप्याच्या खडूने तिने खुणा करायच्या आणि काकांनी कापायचं, असं ठरलं. पहिल्या तीन पट्ट्या वाया गेल्या. कापड उलटं कापलं तर फिरवून लावता येतं, पट्टीला मात्र खाचेची बाजू वेगळी आणि त्या खाचेत बसणाऱ्या जिभेची वेगळी. काकांनी तिन्ही वेळा नेमकी हवी ती बाजू कापून टाकली. चौथ्या वेळी मावशीने नको असलेल्या तुकड्यावर खडूने मोठी फुली मारली. मग गाडी रुळावर आली. पट्टी तिरपी धरायची, खाचेत घालायची, खाली दाबायची. टक् असा आवाज झाला की बसली. दुपारपर्यंत मावशीला त्या आवाजाची चटकच लागली. काकांनाही एक पट्टी लावायची होती. तिने लावू दिली, आणि ते बाहेर हात धुवायला गेल्यावर काढून पुन्हा लावली.

त्या खोलीला दार एकच, आणि तेही आत उघडणारं. घरात जायला बाहेरून वळसा घालून जावं लागतं. शेवटच्या सात-आठ ओळी दार फिरतं तिथं यायच्या होत्या, म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. साडेतीनला शेवटची पट्टी बसली. दोघं मधोमध उभे राहून बघत राहिले. मावशीच्या पायाखाली इतकी सपाट जमीन तिच्या संसारात पहिल्यांदाच आली होती. काका म्हणाले, चहा घेऊया, आणि दाराकडे गेले.

दार उघडेना. जमीन सेंटिमीटरभर वर आली होती आणि दाराची खालची कड पट्ट्यांना अडत होती. काकांनी ओढलं, मग मावशीने ओढलं, मग दोघांनी मिळून ओढलं आणि मूठ निघून काकांच्या हातात आली.

चार वाजता मोठ्या बाई ठरल्या वेळेला स्कर्ट घेऊन आल्या. खिडकीच्या गजांमागे मावशी आणि काका शेजारी शेजारी उभे होते. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. हसल्या नाहीत, हे मावशी अजून सांगते.

"दाराजवळच्या ओळी काढा," त्या म्हणाल्या.

"आत्ताच बसवल्यात," मावशी म्हणाली.

"उसवायचं म्हटलं की जिवावर येतं, माहीत आहे मला. माझा स्कर्ट चारदा उसवलात तुम्ही."

मावशी खाली बसली आणि शेवटून एकेक ओळ तिरपी करून काढू लागली. चौथी ओळ निघाल्यावर काकांनी फटीत पेचकस घालून दार खेचलं. मावशीपुरती वाट झाली. काकांचं पोट मात्र अडलं. म्हणून मावशी आतच थांबून आणखी दोन ओळी काढू लागली, आणि काका, करवत खाली ठेवून, दोन्ही हातांनी तिला दिशा दाखवत होते.

दरम्यान मोठ्या बाईंनी एक फोन केला होता. दहा मिनिटांत सुतार सायकल रेटत हजर झाला, घामाघूम. तो त्यांचा जुना विद्यार्थी निघाला. "वाटेतच होतो, बाई," तो म्हणाला. बाईंनी दाराकडे बोट दाखवलं. त्याने मान खाली घालून दार बिजागऱ्यांवरून काढलं, खालून तासलं आणि पुन्हा चढवलं. मावशीने सहाही ओळी परत बसवल्या. टक्, टक्. मग त्यावर बाईंना उभं करून पुन्हा माप घेतलं, आणि या वेळी स्कर्टच्या दोन्ही बाजू सारख्या आल्या.

निघताना सुतार कोपऱ्यातल्या गोल खांबापाशी थांबला. पट्टी खांबाभोवती शर्टाच्या गळ्यासारखी नीट वळली होती. असले गोल कापताना आपल्या निम्म्या पट्ट्या फुकट जातात, असं तो कसाबसा बोलला आणि तिने हे कसं केलं ते विचारलं. मावशीने त्याला वर्तमानपत्राच्या कागदावर कापलेला नमुना दाखवला. त्याने तो घडी करून खिशात घातला.

आता बुधवारी मावशीचं शिवण बंद असतं. खांब, नळ किंवा वेडावाकडा कोपरा असलेली जमीन करायची असली की सुतार तिला बोलवायला येतो, आणि सांगितलेल्या वेळी येतो. ती कात्री आणि जुने पेपर घेऊन जाते. काकाही जातात. सुतार करवत त्यांच्या हातात देत नाही, त्यामुळे ते दारात मोकळ्या हातांनी उभे असतात आणि पट्टी आत घेणाऱ्या माणसाला सांगतात, येऊ द्या, येऊ द्या, बास.