मोटर बंद ठेवून केलेली तपासणी

"साध्या वायरीनं भागतंय की, मॅडम!" हे वाक्य ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. केडगावात माझं पॅनल वायरिंगचं लहानसं वर्कशॉप आहे, त्यामुळे हे वाक्य मला वरचेवर ऐकावं लागतं. पूर्वी हसून सोडून द्यायचे. माझ्या धाकट्या दिराच्या बाबतीत जे झालं, त्यानंतर हसणं जमत नाही.

माझं सासर शेवगावकडचं. दीर नोकरीसाठी आमच्याकडे राहतो. नगरच्या एमआयडीसीत पशुखाद्याचा एक कारखाना आहे, तिथे तो मिक्सरवर ऑपरेटर. मिक्सर फिरत असतानाच वरच्या टाकीत मीठ आणि खनिजं सोडायची, समोर वजनाचा आकडा दिसतो तो बघायचा, हवा तेवढा भरला की झडप बंद करायची. एवढंच काम, पण डोळ्यांत तेल घालून करावं लागतं, आणि तो तसंच करायचा. मग एकदा खाद्याची पोती गावोगावहून परत यायला लागली. गाई तोंड लावेनात, ज्यांनी खाल्लं त्यांना ढाळ लागले. मीठ बेसुमार पडलं होतं. मालकानं दिराला सगळ्या कामगारांसमोर विचारलं, "पिऊन येतोस का रे कामावर?" आणि घरी पाठवून दिलं.

घरी आल्यावर माझ्या नवऱ्यानं, म्हणजे त्याच्या सख्ख्या भावानं, पहिली गोष्ट काय केली? त्याचं तोंड हुंगलं. मला इतका संताप आला की हातातलं ताट मी आदळलंच.

दीर माझ्याकडे वळून म्हणाला, "वहिनी, आकडा भरल्याबिगर झडप लावली न्हाई, अन् भरल्यावर चिमूटभर जादा टाकलं न्हाई. पर मिक्सर चालू झाला का आकडाच नाचतो, मागं सरतो. लई डाव सांगितलं, कुनी ऐकंना."

मिक्सर चालू झाला की! यात सगळं आलं. मी पक्कड आणि मीटर पिशवीत टाकले आणि त्याला घेऊन कारखाना गाठला.

मालकांनी टाकीच्या वजनकाट्यावरचं चकचकीत स्टिकर दाखवलं. "काटा तपासून घेतलाय मॅडम. तसूभर फरक नाही."

"कधी तपासला?"

"सुट्टीच्या दिवशी. चालू दिवशी माल थांबवून कोण तपासणार?"

आमच्या एमआयडीसीची ही रीतच आहे. साप्ताहिक सुट्टीला शेड शांत, मोटरी बंद. अशा वेळी तपासणाऱ्यानं येऊन काट्यावर प्रमाणाची वजनं ठेवायची, आकडा बरोबर आला की स्टिकर चिकटवायचं आणि चहा पिऊन जायचं. जो काटा मोटर चालू असताना चुकतो, तो मोटर बंद ठेवून तपासायचा! आणि त्या स्टिकरच्या जोरावर माझा दीर दारुडा ठरला. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मी वायरीच्या मागं मागं गेले. नवा मिक्सर बसवताना पॅनल लांब हलवलं होतं. काट्याची वायर कमी पडली, म्हणून कंत्राटदारानं उरलेल्या साध्या वायरीचा तुकडा जोडला आणि मोटरच्या केबलीबरोबर एकाच पाइपात कोंबला. मोटरचा वेग कमीजास्त करणाऱ्या ड्राइव्हमुळे त्या केबलीतून मोठा विजेचा गोंगाट निघतो. काट्याचा संदेश अगदी क्षीण, त्याला जाळीचं आवरण असलेली शील्डेड वायर लागते. पिठाच्या गिरणीत उभं राहून कुणी कानात कुजबुजावं आणि आपण नेमकं ऐकावं, तसली अपेक्षा.

"आत्ता वजनं ठेवा आणि मिक्सर चालू करा," मी म्हटलं. मालक म्हणाले, उगाच कशाला. मी म्हटलं, बघितल्याशिवाय मी हलणार नाही. शेवटी वजनं ठेवली. आकडा बरोबर. मिक्सर चालू केला आणि आकडा लटलटत खाली घसरला. वजनं जागची हलली नव्हती.

मालक म्हणतात, "मग सगळीकडेच शील्डेड घालून टाका, कटकट नको." बघा आता! आधी कुठंच नको, आता बल्बलासुद्धा हवी. अहो, बल्बला आणि घंटीला काय करायचीय? संदेश नाजूक असेल, वायर लांब जात असेल, शेजारी ड्राइव्हचा गोंगाट असेल, तिथं ती लागते. तीही वेगळ्या पाइपातून, आणि काट्याच्या वायरीचं शील्ड पॅनलच्या एकाच टोकाला अर्थिंग करून. नुसती महागाची वायर ओढली म्हणजे विचार केला असं होत नाही. मी हे सगळं चढ्या आवाजात बोलले आणि मला त्याचं काही वाटत नाही.

वायर मीच बदलली. मिक्सर धडधडत होता आणि आकडा जागचा हलला नाही. मालक दिराला म्हणाले, "उद्यापासून ये."

"विचारलं सगळ्यांसमोर होतं," मी म्हटलं, "आता सांगाही सगळ्यांसमोर."

ते हसले. "कामाच्या ठिकाणी व्हायचंच असं. मनावर घेऊ नका." दीर माझी बाही ओढून म्हणाला, "जाऊ द्या वहिनी." घरी नवऱ्यानंही विषय काढला नाही. भावाच्या आवडीची भाजी करायला सांगितली, झालं.

मध्यंतरी दुसऱ्या कामासाठी त्या कारखान्यात गेले होते. दीर मिक्सरपाशी उभा होता, पाठमोरा. आकडा भरत आला, भरला, स्थिर राहिला. त्यानं झडपेला हात घातला आणि थांबला. पोती उचलणाऱ्या माणसाला हाक मारली, "जरा हिकडं ये रं. बघ, किती दिसतंय?"

त्यानं आकडा वाचून सांगितला. मग माझ्या दिरानं झडप बंद केली.

मी त्या माणसाला नंतर विचारलं. तो म्हणाला, "रोजचंच हाय ताई. परत्येक घाण्याला बोलवत्यात."