सरकून दिलेली जागा

परवा उपासनेला मला उशीर झाला. आमच्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये शेवटच्या बाकावर रूथमावशी एकट्याच बसल्या होत्या. मला पाहताच त्या बाजूला सरकल्या. खरं तर उरलेलं अख्खं बाक रिकामं होतं.

ही मंडळी, म्हणजे आमचा उपासनेचा समुदाय, सुरू झाली ती मावशींच्या सासरच्या पडवीत, एका घोंगडीवर. गावात ज्यांना कुणी शेजारी बसू देत नसे, ते दारात घुटमळले की मावशींच्या सासूबाई म्हणायच्या, "सरका गं जरा, माणूस उभं आहे." सरकता सरकता माणसं अंगणात आली, आणि मग हे दगडी चर्च बांधलं. आता मुलं शहरात गेलीत, बाकं तेवढी उरलीत.

"बस की," मावशी कुजबुजल्या.

मी त्यांना अगदी खेटून बसले. त्यांनी सोडलेली जागा अजून उबदार होती.