रास तनुऱ्याची तेता

तेता कोणाच्याही घरी आली की चपला काढायच्या आधी एसी बंद करायची. बाहेर सौदीतल्या रास तनुऱ्याचा जुलै, दाराची कडी हाताला चटका देतेय, आणि ही बाई आमच्या सोफ्याच्या उश्या उचलून रिमोट शोधतेय. "वारा अंगावर घ्यायचा नसतो," ती दटावायची. "वाऱ्याने माणूस मरतं. गाणारं माणूस आधी मरतं." कंपाउंडमधल्या मल्याळी, फिलिपिनो, मराठी, सगळ्या बायकांनी तिच्यापुढे हात टेकले होते. ती येणार असं कळलं की आम्ही घर आधीच गारेगार करून ठेवायचो, म्हणजे ती असेपर्यंत पुरेल.

तेता म्हणजे तिच्या क्रोएशियन भाषेत मावशी किंवा आत्या. खरं नाव आमच्या मुलांच्या जिभेवर बसेना, म्हणून तिनेच हे दिलं. तिचा नवरा इवो बंदरात टगबोटींवर इंजिनियर होता, मी जवळच्या एका खासगी हॉस्पिटलात नर्स. आमच्या घरांची भिंत एकच. मला ती पहिल्या दिवसापासून 'सिस्टर' म्हणायची आणि मी ड्युटीवरून आले की चहाला हजर व्हायची.

ती कोण होती हे तिने एकदा मेथी निवडता निवडता सांगितलं. "मी टीव्हीवर गायचे. गाणी माझीच असायची, शब्द माझे." मी हो हो म्हटलं. परदेशात प्रत्येक जण मागे काहीतरी मोठं सोडूनच आलेला असतो. पण माझ्या लेकीने, मुक्ताने मोबाईलवर शोधून काढलं आणि किंचाळलीच, "आई, शी वॉज फेमस!" पडद्यावर लाल कोट घातलेली, केस फुलवलेली एक पोरगी समुद्राकाठच्या स्टेजवर गात होती आणि समोर माणसांचा नुसता पूर होता. तेताने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. "तो कोट उसना होता," एवढंच म्हणाली.

एकोणिसाव्या वर्षी एका हॉटेलच्या गच्चीवर ती पर्यटकांसाठी गायची. तिथे बेलग्रेडचा गोरान नावाचा मुलगा पियानो वाजवायला आला. त्याने चाली केल्या, हिने शब्द लिहिले, आणि दोघांच्या तीन रेकॉर्डी निघाल्या. सगळ्यात गाजलेलं गाणं होतं गच्चीवर चादरी वाळत घालता घालता बंदरातून सुटणाऱ्या बोटींकडे बघणाऱ्या बाईचं. तेताने मला अर्थ सांगितला तेव्हा मी म्हटलं, ही तर माझी सासूच. चिपळूणजवळच्या आमच्या गावातले निम्मे पुरुष आखातात. सासूबाईंचं अर्धं आयुष्य असंच वाटेकडे बघण्यात गेलं. "याला तुमच्यात शब्द आहे?" तिने विचारलं. मी म्हटलं, हुरहूर. तिने तो दोनतीनदा म्हणून पाहिला. "हुर-हूर. गळ्यात कुठे अडकत नाही. गाण्यात घालावा असा शब्द आहे."

मग युद्ध पेटलं. एका देशाचे तुकडे झाले आणि बेलग्रेडचा गोरान पलीकडच्या, शत्रूच्या बाजूला राहिला. त्याच्या रेडिओला हिचा आवाज नको होता, हिच्या रेडिओला त्याची चाल. "गाण्याचे दोन भाग करता येत नाहीत, सिस्टर. म्हणून दोघांनीही ते अख्खंच टाकलं." नंतर ती लग्नांत गायली, नव्या मुलींना गाणी लिहून दिली. त्यातल्या एकीचं खूप नाव झालं. शब्द कोणाचे, हे कोणी विचारलं नाही. इवोला सौदीची नोकरी मिळाली तेव्हा ती एका बॅगेनिशी निघून आली. तेव्हा इथे जाहीर गाणंबिणं काही नव्हतं. मला वाटतं, तिला ते बरंच वाटलं असावं. न गाण्याला एक कारण मिळालं.

दर मंगळवारी ती कंपाउंडच्या हॉलमध्ये आम्हा बायकांना जमवून श्वास कसा घ्यायचा ते शिकवायची. पोटावर हात ठेवायला लावायची आणि म्हणायची, "पोट लपवू नका, आवाज तिथेच राहतो." आम्ही गायचो, बेसूर गायचो. ती स्वतः मात्र एखादी ओळ गुणगुणून थांबायची.

एका उन्हाळ्यात गोरानने तिला शोधून काढलं आणि फोनवर एक नवी चाल पाठवली. शब्द लिही, तुझ्या गावी येतो, स्टेजवर एकत्र बसू, असा निरोप होता. स्वयंपाक करताना ती रोज ती चाल लावायची. भिंतीतून मलाही पाठ झाली. शब्द काही ती लिहीना. दर वर्षी म्हणायची, पुढच्या उन्हाळ्यात.

"युद्धात त्याने एकदा तरी फोन करायला हवा होता," ती एकदा म्हणाली.

"तू केलास?"

"लाइनी तोडल्या होत्या."

"मग त्याच्याही तुटलेल्याच असणार ना, तेता."

त्यानंतर बरेच दिवस ती चहाला आली नाही.

मग तिच्या गळ्यात गाठ आढळली. ऑपरेशन आमच्याच हॉस्पिटलात ठरलं. सर्जनने स्पष्ट सांगितलं, गाठ आवाजाच्या नसेला बिलगली आहे, जीव वाचेल, आवाजाचं सांगता येत नाही. आदल्या दुपारी तिने माझा हात धरला. "सिस्टर, अजिबात आवाज नसलेली एखादी खोली दे."

मी तिला चादरींच्या स्टोअरमध्ये नेलं. ब्लँकेटच्या गठ्ठ्यावर ती ताठ बसली, पोटावर हात ठेवला आणि मला रेकॉर्डिंगसाठी मोबाईल धरायला सांगितलं. गोरानच्या त्या चालीवर तिने अख्खं गाणं म्हटलं. शब्द कधी लिहिले, मला माहीत नाही. तिचा पूर्ण आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला आणि इतकी वर्षं भिंतीपलीकडे काय होतं ते मला कळलं. गाणं तिने लगेच गोरानला पाठवून दिलं.

थोड्या वेळाने वॉर्डात त्याचं उत्तर आलं. तिने वाचून दाखवलं. "तिसऱ्या ओळीत एक अक्षर जास्त आहे. नेहमीसारखं." ती हसायला लागली, आणि हसता हसता तिची उशी भिजली.

गाठ निघाली. नस वाचली नाही. पट्टी सोडल्यावर तिने बोलायचा प्रयत्न केला तेव्हा फक्त हवा आली. आम्ही महिनोन् महिने व्यायाम करून घेतले. शेवटी एक खरखरीत कुजबुज हाती लागली, तिथेच ते थांबलं. "खलास," ती हाताने दाखवायची, आणि वर हसायची.

पुढच्या उन्हाळ्यात गोरान खरंच तिच्या गावी आला. नवं गाणं एका दुसऱ्या मुलीने म्हटलं, तेता पहिल्या रांगेत बसली होती. परत आल्यावर मी विचारलं, कसं झालं? "मुलगी छान गायली. तिसरी ओळ मी सुधारून दिली होती." मग कप खाली ठेवून म्हणाली, "वीस वर्षं मी आवाज जपला, सिस्टर. जपला म्हणजे वापरला नाही."

इवोचा करार संपला आणि दोघं फायनल एक्झिटवर कायमची मायदेशी गेली. त्यांच्या घरात आता एक केरळी कुटुंब राहतं. भिंतीतून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात.

परवा मुक्ता मैत्रिणींबरोबर जवळच्या खोबर शहरात समुद्राकाठी गाण्याच्या कार्यक्रमाला गेली होती. आता इथे असे कार्यक्रम होतात. स्टेजवर एक बाई गात होती. मुक्ताने तिथून शूट करून आणलं आणि आम्ही तेताला व्हिडिओ कॉल लावला. तिने चष्मा लावून सगळं नीट पाहिलं.

"बायका कुठे बसल्या होत्या?" तिने कुजबुजत विचारलं.

"पुढेच, तेता. अगदी पुढे."

"मग मी लवकर आले," ती म्हणाली. "आणि लवकर गेलेही."

तिने मान वळवली, इवोलाही हे दाखवायचं होतं. तिने त्या कुजबुजीतच त्याला हाक मारली, मग आणखी एकदा मारली. इवो शेजारच्याच खोलीत होता. त्याच्या खोकण्याचा आवाज आम्हाला इथे ऐकू येत होता. शेवटी तीच उठली आणि त्याला बोलवायला गेली.