एकतीस पट्ट्यांची पेटी

माझा मामा बाजाच्या पेट्या दुरुस्त करतो. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार आणि मधे विटेची एक पातळ भिंत. त्याच्या कानांनी आम्हा सगळ्यांच्या नाकी नऊ आणले आहेत. फ्रीजची घरघर आणि पंख्याची घूंघूं एकमेकींशी जुळत नाहीत, म्हणून त्याने फ्रीजखाली पुठ्ठे सारून पाहिले. दातांच्या डॉक्टरीणबाईंना तर यंत्र तोंडात असतानाच त्याने हाताने खुणावलं, थोडं खाली. तो यंत्राच्या सुराबद्दल सांगत होता. त्या बिचाऱ्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं.

मामी औषधांच्या दुकानात काम करते. मोजकं बोलते आणि अजिबात गात नाही. पूर्वी गायची, आणि फार छान गायची, असं आई सांगते. लग्नानंतर वर्षभरातच एका छोट्या सभागृहात तिचं पहिलं गाणं ठरलं. साथीला अर्थातच मामा. गाणं रंगात आलं असताना मामा तिच्याकडे झुकला आणि हळूच म्हणाला, "गंधार चढव जरा, खाली लागतोय." हळूच म्हणजे त्याच्या मते. मधे माइक होता. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं आणि लोक हसले. मामीने गाणं पुरं केलं, उठली, आणि पुढची तीस वर्षं भांडी घासतानासुद्धा गुणगुणली नाही. त्या विषयावर दोघांनीही कधी अवाक्षर काढलं नाही.

आता मामाचं दुर्दैव बघा. नऊ वर्षांपूर्वी एका गायनमंडळाच्या बाई पेटी घेऊन आल्या आणि हटून बसल्या की सा आणि गंधार एकत्र दाबल्यावर मधे वंव-वंव ऐकू येता कामा नये. नेहमीच्या पेटीत ते येतंच. सप्तकाला पट्ट्या बाराच, आणि कुठल्याही पट्टीपासून गाता यावं म्हणून त्या सारख्या अंतरावर लावलेल्या. सगळ्यांची सोय बघायची तर प्रत्येकाला थोडं सरकून बसावं लागतं, आणि गंधार तर चांगलाच वर चढून बसतो. मामाने कानस घेतली आणि गंधाराची पितळी जीभ मुळाशी घासत घासत सूर खाली आणला. वंव-वंव थांबलं. मामा मात्र कानस हातात धरून बसूनच राहिला. हा गंधार त्याने आधी ऐकला होता. सभागृहात, मामीच्या गळ्यातून.

हे त्याने फक्त मला सांगितलं. मी म्हटलं, "मग मामीला सांग की!"

"नुसतं सांगून काय होतंय? ती 'हं' म्हणेल आणि कपडे वाळत घालायला जाईल. वाजवूनच दाखवतो."

साधी माफी मागायची, तर या माणसाने सुतारकाम काढलं. सप्तकाला एकतीस पट्ट्या, म्हणजे कुठल्याही सुरावरून सुरू केलं तरी गंधार हवा तिथे सापडणार. पांढऱ्या, काळ्या आणि हिरव्या अशा तीन ओळी. दोन सप्तकांच्या मिळून बासष्ट. आठवा महिना असो की आठवं वर्ष, विचारलं की उत्तर एकच, "झालीच." मामी जाता-येता बघायची आणि म्हणायची, "यावर पत्रं टाइप होतात का हो?" नऊ वर्षांत एक गोष्ट मात्र या शहाण्याने केली नाही. तिला एकदाही गायला सांगितलं नाही.

शेवटी एका रविवारी सकाळी पेटी मागच्या खोलीत आली. मामाला दोन्ही हात मोकळे हवे होते, म्हणून भाता मी मारत होते. मामी मटार सोलत होती.

"अगं, जरा सा लावतेस? मग गंधारावर ये आणि थांब."

मामीने त्याच्याकडे बघितलं, पेटीकडे बघितलं, हात पुसले. आणि लावला. मी तिचा गाता आवाज पहिल्यांदाच ऐकत होते.

मामाने मोठ्या ऐटीत हिरवी पट्टी दाबली. वंव-वंव-वंव. शेजारची पांढरी दाबली. त्याहून वाईट. एकतीस पट्ट्यांत मामीचा गंधार कुठेच नव्हता. मामाने डोळे मिटून पुन्हा ऐकलं आणि त्याचा चेहरा पडला.

"अगं, हा तर बारा पट्ट्यांचा गंधार. दुकानातला."

"मग कुठला असणार?" मामी म्हणाली. "तीस वर्षं भिंतीपलीकडे सकाळ-संध्याकाळ तोच दाबताय. कान काय काढून खुंटीला लावू?"

झालं, नऊ वर्षांचा पुरावा हातचा गेला. मला हसू येत होतं आणि मामाची कीवही येत होती. दाखवायला काही उरलंच नाही, तेव्हा त्याला बोलावं लागलं.

"तेव्हा तुझा बरोबर होता," तो म्हणाला. "माझी पेटी चुकीची होती. मी चुकलो. सगळ्यांसमोर चुकलो."

मामीने मटाराचा एक दाणा बोटांत फिरवला.

"एवढं बोलायला बासष्ट पट्ट्या लागल्या तुम्हाला?"

मामाने मान खाली घातली आणि सवयीने हात पुन्हा पेटीकडे नेला.

"वाजवू नका," मामी म्हणाली. "नुसतं ऐका."

मी भाता सोडला. मामाने दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि ती गायला लागली.